मामांचं गरम पाणी

पृथ्वीच्या पोटात काय चाललं आहे याची काळजी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात फक्त एकाच माणसाला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकीच्यांना जमिनीवरचं निस्तरताना पुरेवाट होते. मामांना वरच्या मजल्यात रस नाही. त्यांचं घर खर्डीला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. घाट चढायला निघालेली मालगाडी गेली की मांडणीवरची ताटं थरथरतात. इतकी वर्षं थरथरताहेत, घरातल्या मांजरानेही आता मान वर करायचं सोडलं आहे. पण मामा हातातला घास ताटात ठेवून अंगणात जातात, उकिडवे बसतात, तळवा जमिनीला लावतात आणि गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच राहतात. मग आत येऊन सांगतात, "गाडीच होती." मामी म्हणतात, "मग काय हत्ती होता?" मामा शांतपणे उरलेला घास घेतात. "दरवेळी गाडीच असंल असं कशावरून?" हा त्यांचा प्रश्न.

जन्मभर मामांनी विहिरी खणून दिल्या. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत त्यांनी पहार घातली नाही असा कातळ क्वचितच असेल. आता सत्तरी उलटली, पहार भिंतीला टेकली, पण सदऱ्याच्या खिशातला थर्मामीटर काही गेला नाही. ताप बघायचा नव्हे. दूध डेअरीत वापरतात तो, वीतभर लांब, काचेचा, पत्र्याच्या नळीत घातलेला. मामा तो कशातही बुडवतात. चहात बुडवतात, आमटीत बुडवतात, पंगतीत मठ्ठ्याच्या पिंपात बुडवून त्यांनी एकदा आचाऱ्याशी भांडण ओढवून घेतलं होतं. माझ्या लग्नात हळदीनंतर मला आंघोळीला बसवलं, पाटाभोवती सगळ्या बायका, आणि त्यांच्यातून वाट काढत एक अनोळखी माणूस आला, माझ्या बादलीत काचेची नळी धरून उभा राहिला. सनईवाला थांबला. "एकेचाळीस," तो माणूस म्हणाला, "बसा बिनधास्त." सासरच्या माणसांशी झालेला हा माझा पहिला नीट परिचय. या घरात आपण मुलगी मागून चूक तर केली नाही ना, असं मला त्या पाटावर क्षणभर वाटून गेलं होतं.

थर्मामीटरवर त्यांचा जितका विश्वास, तितकाच जिभेवर. कुणाकडे गेले की चहा नको, पोहे नकोत, आधी पाणी. पहिला घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे, आणि मग निकाल. "बोरिंगचं. लोखंड हाय." "डोहाचं दिसतंय." माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा घोट तोंडात घोळवतच राहिले. मला वाटलं, शहापूरचं पाणी पसंत पडलं. मग म्हणाले, "टाकी दिवाळीपासून धुतली नाय." माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे पाहिलं. टाकी दिवाळीपासून धुतली नव्हती. पाण्याच्या बाबतीत हा माणूस कुणाची भीड ठेवत नाही. पुढारी असो, पुजारी असो, नसेल तर नाय म्हणून सांगणार. "तुमच्या वावरात पानी नाय" असं तोंडावर सांगून त्यांनी आयुष्यात जितकी कामं घालवली, तितकी दुसऱ्या कुणी केलीही नसतील.

दोन वर्षांपूर्वी त्यांना माझ्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक सापडलं. आमच्याकडे सहज आले होते, झोपाळ्यावर बसून पानं चाळत होते. एका पानावर थांबले ते थांबलेच. झोपाळाही थांबला. तिथे लिहिलं होतं की सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. आपण शाळेत हे वाक्य पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. मामांची शाळा तिसरीत सुटली होती. त्यांना ते सत्तराव्या वर्षी कळलं. चहा निवला तरी थर्मामीटर बाहेर आला नाही, तेव्हा मी घाबरलो. जवळ जाऊन विचारलं, बरं नाही का वाटत? त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "जावईबापू, म्हंजे जलमभर मी ज्वालामुखीच फोडत होतो. आनि मला कोन बोललं नाय."

त्या आवाजात फसवणूक झालेल्या माणसाची तक्रार होती, पण आनंदही होता. त्यानंतर खर्डी स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांचं काही खरं राहिलं नाही. सीट भरेपर्यंत मामा त्यांना लाव्हा समजावून सांगू लागले. हा पहिला थर कधी आला असेल, दुसरा यायच्या आत पहिला निवला होता का, त्या वेळी माहुलीचा डोंगर किती गरम असेल, त्यावर भात लावायचा तर किती वर्षं थांबावं लागलं असतं. एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मामा, आता थंड झालाय ना? मग झालं." मामा म्हणाले, "थंड झालाय असं तुला कोनी सांगितलं? हात लावून बघितलास का तू आत?" रिक्षावाल्याने नव्हता लावला.

आणि या सगळ्याच्या बुडाशी त्यांची एक जुनी गोष्ट होती. ती आमच्या घरातल्या प्रत्येक बारशात आणि प्रत्येक वर्षश्राद्धाला आम्ही ऐकली आहे. मामांनी स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेली पहिली विहीर, मुरबाडकडे, टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत. पस्तीस हात खाली गेले आणि पायाला गरम पाणी लागलं. "गरम?" असं कुणीतरी विचारायचंच. "गरम. वज्रेश्वरीला कुंडात असतं तसं नाय, पन गरम." मग मुलं तोंडावर हात धरून हसायची, मामी उठून आत जायच्या, आणि मीही, कबूल करतो, एकदोनदा डोळा मारला आहे. प्रत्येक माणसाची एक बढाई असते, मामांची ही, असं मी धरून चाललो होतो.

माझं शहापूरच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे. गेल्या आषाढात मामा नंबर बदलायला आले. नवीन काचा बसवल्या, आणि सवयीने मी म्हटलं, काहीतरी वाचून बघा. कुणीतरी सकाळीच काउंटरवर जाहिरातींचा गठ्ठा टाकून गेलं होतं, त्यातला वरचा कागद त्यांनी उचलला. नव्या काचांतून त्यांनी पहिली ओळ वाचली ती अशी: 'ज्वालामुखीच्या कुशीत, नैसर्गिक गरम पाण्याचे झरे!' खाली लाल डोंगर, डोंगरातून धूर, पुढे निळ्या पाण्यात बसलेलं एक हसरं कुटुंब. त्याखाली पत्ता. मामांनी पत्ता वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मी म्हटलं, "नंबर बरोबर आहे ना?" त्यांनी कागद घडी करून थर्मामीटरशेजारी ठेवला. "तीच वाडी हाय," ते म्हणाले. "कधी नेता?"

कारण काढलं मामींच्या गुडघ्यांचं. गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक बरा, असं मामांनी जाहीर केलं. मामींचे गुडघे दहा वर्षं दुखत आहेत, आजवर मामांनी त्यांना साधा थर्मामीटरही लावला नव्हता. पण मामींनी मुकाट्याने पिशवीत कोरडे पंचे भरले. पुढच्या रविवारी मी उलटा खर्डीला गेलो, दोघांना गाडीत घेतलं आणि पुन्हा शहापूरला येऊन किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. पाऊस असा की वायपर पुसतो म्हणजे नक्की काय करतो ते कळेना. दोन्ही बाजूंना भाताची आवणी आटोपलेली खाचरं काठोकाठ भरलेली. मामा माझ्या शेजारी, मांडीवर छत्री, छत्रीवर कोरडे मोजे. मोजे कशाला, असं मी विचारलं. "लागतील," एवढंच म्हणाले.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे दर दोन किलोमीटरला एक प्रश्न. या ओढ्याचं पाणी तांबडं, पण त्या ओढ्याचं काळं का? डोंगरावरून इतकं पाणी येतं तर डोंगर झिजून एकदाचा संपत कसा नाही? सरळगाव मागे टाकलं, आणि पुढे रस्ता रुंद करायला डोंगर कापला होता तिथे ते एकदम म्हणाले, "थांबा थांबा." मला वाटलं दरड. गाडी कडेला घेतली तर मामा छत्री उघडून खाली उतरलेसुद्धा. कापलेल्या डोंगरात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा होता, हातभर रुंद. मामा त्याला बोट लावून उभे. काचेवरून पाणी वाहत होतं, त्यातून ते मला दिसत होते: पावसात भिंतीशी बोलणारा एक म्हातारा.

"यांना आवरा की मामी," मी म्हटलं. "तिथे पोचायला संध्याकाळ होईल. आणि एवढं काय आहे त्या गरम पाण्यात? सगळ्यांना सांगून झालंय की."

मामी मागच्या सीटवर डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या. त्या तशाच, डोळे न उघडता म्हणाल्या, "तुमाला ती बढाई वाटते ना? बढाई नाय ती. धास्ती हाय."

मी मागे वळलो.

"पानी गरम लागलं म्हनून यांनी काम टाकलं," मामी म्हणाल्या. "वर येऊन वाडीवाल्यांना बोलले, खाली आग हाय, आनखी खनू नका, बुजवून टाका. बावीस वर्सांचं पोर ते. घाबरलं आनि आलं पळून. तिथं दुसरी बाव नव्हती. बायका कुठनं पानी आनत असतील, देव जाने."

"पण गरम होतं ना?"

"तेच तर." मामींनी आता डोळे उघडले. "पौषातली थंडी. विहीरवाल्याचा हात निबर, त्याला थंडगरम कळत नाय. म्हनून ते पानी पायानं बघतात. हे सकाळपासनं ओल्या दगडावर अनवानी हुबे, पाय बर्फ झालेले. पुढं पाचसहा बावी झाल्यावर यांच्या ध्यानात आलं, थंडीत सगळ्याच बावींचं पानी पायाला गरम लागतं. तवापासून झोप नाय. तो थर्मामीटर तवाच घेतला. पायावरचा भरोसाच उडाला ना." त्यांनी काचेबाहेर मामांकडे पाहिलं. "पानी खरंच गरम असंल तर हे सुटले. नायतर एका वाडीला यांनी तहानेलं ठेवलं. पन्नास वर्सं झाली, या रस्त्यानं यायचा यांना धीर झाला नाय. आता तो कागद बघितला, म्हनून आले."

बाहेर मामा छत्री मिटत होते. मला मी मारलेले डोळे आठवले आणि कानाची पाळी गरम झाली. मामा आत बसले, सदऱ्यातून पाणी निथळत होतं. "काळा थर आला, मग थांबला. त्याच्यावर माती झाली, ती भाजली, मग पुन्ना आला," ते मला सांगू लागले. "मधी केवढा टाइम गेला असंल, जावईबापू?" मी म्हटलं, खूप गेला असेल मामा. आणि पहिल्यांदाच मनापासून म्हटलं.

रिसॉर्टच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा पाऊस जरा कमी झाला होता. आत शिरल्याबरोबर समोर ज्वालामुखी. दोन मजली उंच, सिमेंटचा, लाल ऑइलपेंट दिलेला. पावसाने रंगाचे ओघळ येऊन पायथ्याला गुलाबी डबकं साचलं होतं. रेनकोट घातलेला एक तरुण मॅनेजर धावत आला. "सॉरी सर, पावसामुळे व्होल्कॅनो बंद आहे. स्मोक निघत नाही. उद्या ऊन पडलं तर तीनचा शो होईल."

दुसरा कुणी चिडला असता. मामांनी त्या डोंगराला पूर्ण प्रदक्षिणा घातली, मागचं लोखंडी दार उघडून आत डोकावले, आतला झाडू, दोन रिकामे डबे आणि धुराचं यंत्र पाहून घेतलं आणि मॅनेजरला विचारलं, "धूर कशाचा करता?" त्याने सांगितलं. मामांनी मान डोलावली. "बरा केलाय," ते म्हणाले. या माणसाला खोट्या ज्वालामुखीचंही कुतूहल होतं.

मग कुंड. निळ्या फरशीचं, वाफा निघत होत्या, आणि त्या पावसात त्या वाफा खरोखर सुंदर दिसत होत्या. मामी पदर खोचून पायरीवर बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मी आजवर ऐकला नव्हता. मामांनी आधी वास घेतला. मग थर्मामीटर काढला. या कोपऱ्यात चाळीस. त्या कोपऱ्यात छत्तीस. मधल्या खांबापाशी अडतीस. प्रत्येक आकड्याबरोबर त्यांचं तोंड जरा जरा उतरत होतं. "गंधकाचा वास नाय," ते हळूच म्हणाले. "आनि झरा खालनं येतो, जावईबापू. हे बाजूनं येतंय." चाळीसच्या कोपऱ्यात फरशीखाली एक पाइप होता. मामा पाइपाच्या मागे निघाले, मी छत्री घेऊन त्यांच्या मागे. पाइप शोभेच्या केळींतून गेला, स्वयंपाकघराच्या मागून गेला आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. तिथे बॉयलर धडधडत होता आणि एक माणूस त्यात ओंडके घालत होता.

मला वाटलं, आता मामा बसणार. ते बसले नाहीत. एका खेपेला लाकूड किती लागतं, पाणी किती वेळात तापतं, हे सगळं त्यांनी त्या माणसाला नीट विचारलं. पण थर्मामीटर नळीत घालताना त्यांचा नेम दोनदा चुकला. तो नळीत घालायला मी मदत केली. जाहिरातीच्या कागदाने सोडवलेला हा माणूस बॉयलरपाशी पुन्हा अडकला होता.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "तापवायच्या आधी पानी कुठनं घेता?"

"मागच्या बावीतनं," ओंडकेवाला म्हणाला. "गरम बाव."

"काय नाव?"

"गरम बाव. वाडीत सगळे तेच बोलतात. त्याच नावामुळं तर शेटने जागा घेतली. त्याला वाटलं इथं गरम पानी असंल. मग बॉयलर बसवावा लागला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस असा चालतो हे मला माहीत नव्हतं. छत्री त्यांच्या डोक्यावर धरायला मला पळावं लागलं. मागच्या कुंपणापलीकडे वाडीचं रान, त्यात काळ्या दगडाची बांधलेली विहीर, पावसाने पायऱ्यांपर्यंत भरलेली. काठावर गोणपाटाची खोळ घेतलेली एक म्हातारी भांडी घासत होती. मामा तिच्यापाशी जाऊन थांबले, आणि विहिरीत न बघता तिच्याकडेच बघत राहिले.

"या बावीला गरम का बोलतात?" त्यांनी विचारलं.

म्हातारी हसली. "ती मोठी गंमत हाय. एक पोरगा आल्ता बाव खनायला. लय खनली त्यानं. मग एक दिस वर आला नि बोलला, खाली आग हाय, नि पळाला. पहार इथंच टाकून पळाला बगा. तवापासून गरम बाव."

"मग पानी गरम हाय का?"

"गरम कशाचं? चांगलं थंडगार हाय. तो पळाला म्हनून बोलतात, हसायला." तिने तांब्या विसळला. "एक वरीस कोन खाली उतरलंच नाय भ्यानं. मग चैतात माझा सासरा बोलला, आगीत मरू नायतर तहानेनं, सारखंच. चार मानसं घेऊन उतरला. त्याच पहारीनं खनलं. दोन हात खाली गेले नि मोप पानी."

"दोन हात," मामा म्हणाले.

"दोन हात."

"ते एक वरीस तुमी पानी कुठनं आनलं?"

म्हातारीने हात करून दाखवलं, खाली, दरीच्या पार तळाशी. "तिकडच्या वहाळातनं. मी नवीच आल्ते लगीन होऊन. दिसाला तीन खेपा."

मामांनी त्या दरीकडे खूप वेळ पाहिलं. मला म्हणावंसं वाटत होतं की चला मामा, पाऊस वाढतोय. ते म्हणाले, "तो पळालेला मी."

म्हातारी उठली. खोळ मागे सारून तिने मामांना नीट बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत. तीन खेपा, एक वर्ष. मी असतो तर तांब्याच फेकला असता. ती म्हणाली, "लय बारीक व्हतास तू."

मग तिने तांब्या बुडवला आणि भरून त्यांच्यापुढे धरला. मामांनी पहिला घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. निकाल काही दिला नाही. सगळा तांब्या पिऊन टाकला. मग वहाणा काढून पायरीवर उतरले, पाय पाण्यात घातला, वर सदऱ्यातून थर्मामीटर काढून तोही घातला. सव्वीस. "थंड हाय," ते मला म्हणाले. आणि मग म्हातारीला, "चुकलं माझं."

"पस्तीस हात तूच खनलंस की," म्हातारी म्हणाली. "आमी दोन. पानी तुझंच हाय."

"नाय," मामा म्हणाले. "शेवटचे दोन हात सोडले मी."

म्हातारी घासलेली भांडी एकात एक रचू लागली. रचता रचता म्हणाली, "त्या वरसानं माझं पाय घट झालं बघ. अजून डोंगर चढते मी." कुंडात गुडघे शेकत बसलेल्या आमच्या मामी मला आठवल्या आणि त्या परिस्थितीतही हसू आलं. मामांना मात्र आलं नाही. ते कोरडे मोजे त्यांनी खिशातून काढून घातले. पाय गार पडल्यावर लागतील म्हणून घरूनच आणले होते. म्हणजे निघतानाच त्यांना आतून माहीत होतं, पाणी कसं निघणार ते.

परतीच्या वाटेवर सरळगाव येईपर्यंत एकही प्रश्न नाही. तांबडा पट्टा आला, गेला. मी मुद्दाम गाडी हळू केली, तरी नाही. मामी मागून म्हणाल्या, "पानी मिळालं ना त्यांना? मग?" मामा म्हणाले, "वरीस गेलं गो." मामी म्हणाल्या, "गेलं." आणि मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावरचा ओला पंचा काढून कोरडा ठेवला. किन्हवलीला आम्ही चहा घेतला. मामांनी थर्मामीटर काढला नाही. तो चहा मला आजवरचा सगळ्यात बेचव चहा लागला.

त्यानंतर गरम पाण्याची गोष्ट बंद झाली. एका बारशात कुणीतरी मुद्दाम विषय काढला, तर मामा म्हणाले, "थंड निघालं ते," आणि वाटीतली खीर खाऊ लागले. मुलांना हसायला काही उरलं नाही. मालगाडी गेली तरी ते अंगणात जाईनासे झाले. मामी मला फोनवर म्हणाल्या, गाडीच असते आता दरवेळी.

पौषात मामांना खोकल्याने धरलं. डॉक्टरांनी घराबाहेर पाऊल टाकायला बंदी घातली. मी भेटायला गेलो तर उशीखालून पत्र्याची नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "एक काम करा," म्हणाले. "सकाळी जा. ऊन पडायच्या आत. काठावरच्या दगडावर अनवानी हुबं राहा, पाय बधिर होईस्तोवर. घाई करू नका. मग पायावर पानी घ्या." मी म्हटलं, मामा, थंडी बघा काय पडली आहे. ते म्हणाले, "म्हनूनच."

मी गेलो. माझ्यासारखा ऊबदार दुकानात बसणारा माणूस पहाटे उठून शहापूरहून टोकावड्याच्या पुढे गेला आणि उजाडताना एका विहिरीच्या काठावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहिला, हे मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. दगड असा गार की आधी पाय दुखले, मग झोंबले, मग असे झाले की आहेत की नाहीत कळेना. म्हातारी कळशी घेऊन आली, तिने मला ओळखलं, आणि काहीच न विचारता पाणी काढलं. "ओतू?" मी म्हटलं, ओत आजी.

तिने कळशी पायावर ओतली. मी जागच्या जागी दचकलो. मग कळशीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात थर्मामीटर धरला आणि तिथूनच फोन लावला.

"मामा, गरम लागतंय."

पलीकडे खोकला थांबला. "थर्मामीटर?"

"सव्वीस. पावसाळ्यात होतं तेवढंच."

"म्हंजे थंडच हाय."

"थंडच आहे."

"पन पायाला?"

"पायाला गरम, मामा. चांगलंच गरम. मी असतो तर मीही वर आलो असतो."

मग खर्डीला कुठेतरी मालगाडीचा आवाज, आणि मामींचा, काय म्हणतात हो ते, म्हणून विचारणारा. फोन तोंडापासून जरा लांब गेला असावा, कारण मामा मला नाही, मामींना सांगत होते.

"जावयालाबी गरम लागलं गो."